उंबऱ्याअलीकडचे : ४९ चौकार, षटकार एकच

कसोटीच्या उंबऱ्याअलीकडे राहिलेल्यांच्या या मालिकेत फिरकीपटू शिवलकरांचा भाग आज येणार होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढणाऱ्या भाऊसाहेब निंबाळकरांचं पान गेल्या वेळीच उलटायचं असं मी ठरवलं होतं. पण भोंगवलीत टेनिस बॉल खेळणाऱ्या एका पोरानं गाठलं आणि विचारलं, "काका, तुम्ही त्यांना फटकेबाज म्हणता, आणि ४४३ मध्ये सिक्सर एकच?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. सुगी उरकली की आपल्या भोर तालुक्यात जे सामने सुरू होतात ते पाच-सहा षटकांचे. फळ्यावर धावा कमी पडल्या की समालोचक माइकवरून नाव घेऊन डिवचतो, आणि फलंदाजाला पहिल्याच चेंडूवर तो बांधापलीकडे टाकावा लागतो. तिथं चौकार म्हणजे नीट न बसलेला षटकार. अशा मैदानावर तयार झालेल्या पोराला एका षटकाराचा ४४३ हा आकडा चुकीचा छापल्यासारखा वाटला तर नवल नाही. मला मात्र या धावफलकातली सगळ्यात बोलकी नोंद हीच वाटत आली आहे.

४९ चौकारांच्या १९६ आणि षटकाराच्या सहा, म्हणजे २०२ धावा सीमेच्या. उरलेल्या २४१ धावा भाऊसाहेबांनी पळून काढल्या. खेळपट्टीची लांबी २२ यार्ड धरली तर हे पळणं पाच किलोमीटरच्या घरात जातं, तेही पायाला पॅड बांधून. समोरच्या फलंदाजाच्या धावांसाठी पळावं लागलं ते वेगळंच. आणि हे सगळं ४९४ मिनिटांत, सव्वाआठ तासांत. एकट्याच्या धावा तासाला ५४ च्या आसपास पडतात. संघाच्या ४ बाद ८२६ मधल्या निम्म्याहून जास्त त्यांच्या होत्या. म्हणजे काठियावाडच्या गोलंदाजांना मार पडला तो जमिनीवरूनच, क्षेत्ररक्षकांच्या मधल्या जागा हेरून, आणि न थांबता. असल्या डावाला फटकेबाजी म्हणायला मी कचरत नाही.

मग चेंडू उचलून का मारला नाही? तेव्हाच्या बॅटी आजच्या मानानं हलक्या आणि कडेला पातळ होत्या, हे एक कारण आहेच. मला त्याहून मोठं वाटतं ते स्पर्धेच्या आखणीचं. १९५७-५८ मध्ये विभागवार साखळी सुरू होईपर्यंत रणजी करंडक बाद पद्धतीनं खेळला जायचा. एक सामना हरलात की त्या वर्षाचा करंडक संपला. नाणेफेकीपासून पंचाच्या एका बोटापर्यंत कशानंही तुमचा मोसम दोन डावांत आटोपू शकायचा. भाऊसाहेबांची प्रथम श्रेणीची कारकीर्द १९३९-४० पासून सुमारे पंचवीस मोसमांची, आणि त्यात सामने ८०. मोसमाला सरासरी तीन-सव्वातीन. वर्षात तीनदा उभं राहायला मिळणारा माणूस जम बसल्यावर विकेट फेकत नाही. शतक झालं म्हणून हवेत बॅट फिरवत नाही. त्याला दिसायचं असतं, आणि दिसण्याची संधी पुन्हा कधी येईल हे ठाऊक नसतं. ४४३ धावांमागं अशी भूक आहे असं मला वाटतं.

इथं अमेरिकेतल्या एका माणसाला आणायलाच हवं, कारण त्याचं आयुष्य भाऊसाहेबांच्या शेजारी ठेवलं की हा मुद्दा लख्ख होतो. त्याचं नाव जो बाउमन. बेसबॉलच्या मोठ्या लीगखाली तिकडं मायनर लीगच्या पायऱ्या आहेत. त्या काळी वरून ट्रिपल ए, डबल ए, ए, बी, सी आणि डी अशी उतरंड होती. बाउमन १९५४ साली न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावच्या संघाकडून 'सी' पायरीच्या लाँगहॉर्न लीगमध्ये खेळत होता. धिप्पाड अंगाचा, डावखुरा. त्या एका मोसमात त्यानं ७२ होम रन मारले. त्याआधी अमेरिकेतल्या कुठल्याही व्यावसायिक लीगमध्ये एका मोसमात इतके कुणी मारले नव्हते, आणि पुढं २००१ मध्ये बॅरी बाँड्सनं मोठ्या लीगमध्ये ७३ मारेपर्यंत तो आकडा टिकला. बाउमन मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. बोस्टन ब्रेव्हजनी त्याचा करार घेतला होता, पण मिळणाऱ्या पैशात भागत नव्हतं. ओक्लाहोमातल्या एल्क सिटी या गावाचा हौशी-व्यावसायिक संघ जास्त देत होता, म्हणून तो तिकडं गेला. रॉसवेलला तो पेट्रोल पंप चालवायचा. होम रन मारला की प्रेक्षक जाळीतून डॉलरच्या नोटा पुढं करायचे आणि तो त्या गोळा करत जायचा. मला हे चित्र फार जवळचं वाटतं. आपल्याकडंही चांगल्या फटक्याला शंभराची नोट जाहीर करणारे हौशी कमी नाहीत.

आता फरक पाहा. बाउमननं ते ७२ होम रन १३८ सामन्यांत मारले. एका मोसमात १३८ सामने! भाऊसाहेब सगळ्या आयुष्यात ८० प्रथम श्रेणी सामने खेळले. खालच्या पायरीवरच्या अमेरिकन फटकेबाजाला रोज संध्याकाळी संधी असते. आज तीनदा फसला तरी उद्या पुन्हा उभा राहतो, म्हणून तो सगळं अंग झोकून मारू शकतो. आपल्या भोंगवलीच्या पोराचंही तसंच आहे. या शनिवारी बाद झाला तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावाचा चषक असतोच. भाऊसाहेबांच्या वाट्याला असला उद्या नव्हता.

ब्रॅडमनचा जागतिक विक्रम गाठायला राहिलेल्या नऊ धावांवर गेल्या वेळी लिहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या नऊ धावांनी त्या डावातली एक थोर गोष्ट झाकून टाकली आहे. काठियावाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडला, ब्रॅडमनचे नाबाद ४५२ वाचले, इथंच सगळे थांबतात. त्याच डावात दुसऱ्या विकेटसाठी कमल भांडारकर आणि भाऊसाहेबांनी ४५५ धावांची भागी केली होती. भांडारकरांच्या २०५. त्याआधी दुसऱ्या विकेटचा जागतिक विक्रम होता ४५१ चा, आणि तो १९३४ साली ओव्हलच्या कसोटीत केला होता पॉन्सफर्ड आणि ब्रॅडमन या जोडीनं! म्हणजे पुण्यात १९४८ च्या डिसेंबरात ब्रॅडमनचा एक विक्रम मोडला गेलाच होता, आणि तोही दोन मराठी फलंदाजांनी. पुढं १९७४ मध्ये जेमसन आणि कन्हाय यांनी वॉरिकशायरकडून नाबाद ४६५ ची भागी केली तोवर तो विक्रम या जोडीच्या नावावर होता. पंचवीस वर्षं! 'फक्त नऊनं हुकलं' म्हणून हळहळणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? शाळांमधून, क्लबांच्या भिंतींवर ब्रॅडमनशेजारी भाऊसाहेबांचा फोटो लावायचा असेल तर कारण हे लिहा. आणि त्यात भांडारकरांनाही घ्या. पुढं पुण्यात मार्गदर्शक म्हणून त्यांनी नाव कमावलं, पण त्या डावात समोरून २०५ काढणारा माणूस म्हणून त्यांची आठवण क्वचितच निघते.

महाराष्ट्राच्या संघाला उंबऱ्याशी थांबायची जणू सवयच आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या विकेटसाठी ५९४ जोडल्या होत्या. कुठल्याही विकेटसाठी जगात सर्वांत मोठी भागी संगकारा-जयवर्धनेची, ६२४ ची. तीस धावा उरल्या असताना कर्णधार गुगळेनं स्वतःच डाव घोषित केला. यावर एक पूर्ण भाग व्हायला हवा, तो कधीतरी लिहीन.

आता त्या पोराचा दुसरा प्रश्न. "मग कसोटीत का नाही घेतलं?" याचं उत्तर देताना लोक लगेच निवड समितीला शिव्या घालतात. मी आधी कॅलेंडर समोर ठेवतो. भाऊसाहेबांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ चा, कोल्हापूरचा. विशीत पाऊल टाकलं तेव्हा महायुद्ध सुरू झालं होतं. १९३६ नंतर भारतानं पुढची कसोटी खेळली ती थेट १९४६ मध्ये. म्हणजे फलंदाज घडण्याची ती सगळी वर्षं वरचं दारच बंद होतं. ४४३ चा सामना १६ डिसेंबर १९४८ ला सुरू झाला तेव्हा नुकतीच त्यांची २९ वर्षं पूर्ण झाली होती. चार दिवसांपूर्वी! त्या हिवाळ्यात वेस्ट इंडीज भारतात होतं. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली होती आणि कोलकात्याची तिसरी ३१ ला सुरू होणार होती. मधल्या पंधरवड्यात कुणी ४४३ काढल्या तर हाक यायला हवी होती. पण मधली फळी भरलेली होती. हजारे, रूसी मोदी, फडकर, अधिकारी, कर्णधार अमरनाथ. मोदींनी त्या मालिकेत साडेपाचशेवर धावा केल्या. कुणाला काढायचं?

आणि पुण्यातल्या धावांना बाहेर किती मोल होतं, हाही प्रश्न आहे. त्याच मोसमात, १९४९ च्या मार्चमध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजीचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा, नऊ शतकं. प्रथम श्रेणीत एका सामन्यात इतक्या धावा कधीच झालेल्या नाहीत. अशा खेळपट्ट्यांवरची धाव निवड करणाऱ्यांना स्वस्त वाटली असेल तर मी त्यांना पूर्ण दोष देणार नाही. पण तिथंच उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणालाही ४४३ करता आल्या नाहीत, हे मी त्यांच्यासमोर ठेवलं असतं.

घाव घातला तो पुढच्या रिकाम्या वर्षांनी. १९४९ च्या फेब्रुवारीत वेस्ट इंडीजची मालिका संपली आणि भारताची पुढची अधिकृत कसोटी १९५१ च्या नोव्हेंबरात झाली. मधल्या काळात राष्ट्रकुल संघ आले, वॉरेलसारखे थोर फलंदाज घेऊन, आणि त्यातल्या १९४९-५० च्या एका अनधिकृत कसोटीत भाऊसाहेबांना खेळवलं गेलं. बस्स, तेवढंच. इंग्लंडचा संघ आला तोवर त्यांना बत्तिसावं सरत आलं होतं, आणि दारात उम्रीगर, मांजरेकर अशी पोरं उभी होती. पहिली सहा-सात वर्षं महायुद्धानं घेतली, आणि हाताशी आलेली दोन-तीन कोऱ्या तारखांनी. ४४३ चं ते १९४८ साल आपण भोरकर वेगळ्या कारणानं लक्षात ठेवतो. त्याच वर्षी मार्चमध्ये पंतसचिवांचं भोर संस्थान विलीन झालं. राजेरजवाड्यांच्या संघांवर पोट असलेल्या खेळाडूंची घडीही तेव्हापासून हलू लागली. होळकरांच्या फौजेत कर्नल असलेल्या सी. के. नायडूंच्या हाताखाली भाऊसाहेब खेळले. त्याशिवाय महाराष्ट्र, बडोदा, रेल्वे असे संघ त्यांनी पाहिले. बाउमननंही असंच ज्या गावात भागतं ते गाव धरलं होतं.

८० सामने, ४८४१ धावा, ४७.९३ ची सरासरी, १२ शतकं, वर मध्यमगती गोलंदाजीचे ५८ बळी. हा हिशेब मला ४४३ पेक्षा जास्त आवडतो, कारण तो एका डावाचा नाही. प्रथम श्रेणीत भारतीयानं काढलेलं चौपट शतक आजही एकच आहे. प्रिथ्वी शॉ २०२३ मध्ये गुवाहाटीत ३७९ पर्यंत पोचला आणि रणजीच्या यादीत दुसरा आला. चारशेची वेस ओलांडूनही कसोटी न खेळलेला जगातला एकमेव फलंदाज अशी भाऊसाहेबांची ओळख २०२२ पर्यंत होती. त्या वर्षी ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्टनं नाबाद ४१० काढल्या. बीसीसीआयनं २००२ मध्ये भाऊसाहेबांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ ला, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरात गेले.

त्या पोराला मी सामन्याचा फलक लिहून दिला आहे, भांडारकरांच्या नावासकट. पुढच्या आठवड्यात शिवलकर, आणि त्यांच्याबरोबर हरियाणाचे राजिंदर गोयल. या दोघांचा भाग एकत्रच लिहायला हवा, का ते तेव्हा सांगतो.