लाल रेक्झिनखालची पट्टी

जुन्या गाड्यांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे आणि त्यातलं बहुतेक बॉनेट उघडून लिहिलेलं आहे. मला वेड लागलं ते गाडीच्या आतल्या बाजूचं. कारण साधं आहे, मी आमच्या फियाटच्या मागच्या सीटवर वाढलो. इंजिन वडिलांचं होतं. माझ्या वाट्याला आलं छताचं अस्तर, काच वर-खाली करायचं हँडल आणि मे महिन्यात उघड्या मांड्यांना चिकटून बसणारं लाल रेक्झिन.

गाडी 1969ची, फियाट 1100 डिलाइट. वालचंद हिराचंदांची 1944ची प्रीमियर, कुर्ल्यात जुळवलेल्या डॉज आणि प्लिमथ, मग फियाटशी करार, उलट्या दारांची डुक्कर फियाट, 1964ची डिलाइट आणि 1974 साली तिचंच झालेलं ‘पद्मिनी’ हे बारसं, ही वंशावळ दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. दान्ते जियाकोसाच्या हाताखाली तयार झालेली मूळ 1100-103 जिनिव्हाच्या प्रदर्शनात 1953 साली मांडली गेली. तिची वंशज आमच्या अंगणात चाळीसेक वर्षं उभी राहिली, आणि त्यातली शेवटची बारा ताडपत्रीखाली.

ताडपत्री काढली तेव्हा छताचं अस्तर झोळीसारखं लोंबत होतं आणि दारांचे पॅनेल फुगून भाकरीसारखे टम्म झाले होते. आतलं सगळं नवं करायचं, पण ‘मूळ होतं तसंच’, असं मी जाहीर केलं. घरात कोणी हरकत घेतली नाही, कारण कोणी ऐकतच नव्हतं.

मूळ म्हणजे काय हे पाहायला मी आधी कागदांकडे गेलो. केंद्र सरकारने जुलै 2021मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येणार, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. मूळ स्वरूपाची कसोटी वाचली आणि हसू आलं: चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. संपलं. सीट, अस्तर, दारांचे पॅनेल यांचा त्या कसोटीत उल्लेखच नाही. तुम्ही आत वाघाच्या पट्ट्यांचं कापड लावा, सरकारदरबारी गाडी अस्सल.

दुसरा कागद थेट फियाटच्या माहेरचा. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिव्हाची, ‘ट्यूरिन सनद’. इमारतींसाठी 1964ची व्हेनिस सनद आहे, तिच्या धर्तीवर ही 2012 साली मंजूर झाली. सनदेत एक गोष्ट सांगितली आहे आणि ती माझ्या डोक्यातून जाईना: नव्याने बसवलेल्या भागावर बारीकशी, न पुसणारी खूण असावी, म्हणजे पुढच्या माणसाला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळेल. आपल्याकडे काम चांगलं झालं असं कधी म्हणतात? नवं काय ते ओळखूच येत नाही तेव्हा. सनदेच्या हिशेबाने ही तारीफ म्हणजे गुन्ह्याची कबुलीच.

कागद बाजूला ठेवून पुण्यातल्या नाना पेठेत गेलो. तिथे गाड्यांचं कुशनकाम करणारे एक चाचा आहेत. वय विचारलं की ‘तुमच्या गाडीएवढं’ म्हणतात. त्यांनी सीटवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “साहेब, स्प्रिंगा चांगल्या आहेत. फोमच्या नादी लागू नका.”

ते किती खरं आहे हे मला नंतर कळलं. त्या काळच्या सीटमध्ये स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर कापसाचा पातळ थर आणि मग रेक्झिन असे थर असत. हल्ली सगळं काढून फोमची जाड लादी टाकतात. बसणारा दोन बोटं वर येतो, मांडी स्टिअरिंगला घासते आणि उंच माणसाचं डोकं छताला. जुळवलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी मापाची असते.

रेक्झिनची एक गंमत सांगायलाच हवी. आपण कुठल्याही नकली चामड्याला रेक्झिन म्हणतो, पण ते एका इंग्रज कंपनीचं नोंदलेलं नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावी ते तयार व्हायचं. कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचं तेल, अल्कोहोल आणि रंग यांचा लेप देऊन वर चामड्याचे दाणे उमटवायचे. सेल्युलोज नायट्रेट हे बंदुकीच्या दारूतलं द्रव्य. त्यावर टेकून लोक आरामात सिगारेटी ओढत. आज नाना पेठेत मिळतं ते पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड. नाव तेवढं टिकलं.

छताच्या कामात मी माती खाल्ली, ती सविस्तर सांगतो. फियाटच्या छताचं अस्तर चिकटवलेलं नसतं. त्याच्या उलट बाजूला आडव्या नळ्या शिवलेल्या असतात, प्रत्येकीत एक पोलादी कमान ओवायची आणि कमानीची टोकं छताच्या दोन्ही कडांच्या भोकांत अडकवायची. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा. मी उत्साहाने घरीच अस्तर फाडलं, कमानी पुसल्या, गंज काढला, काळा रंग दिला आणि लांबीप्रमाणे छान रचून ठेवल्या. कुठली कुठली होती ते लिहून ठेवलं नाही. फाटकं अस्तर, ज्यावरून माप निघालं असतं, ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं होतं.

चाचांनी कमानींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीच बोलले नाहीत. दोन तास एकेक कमान छताला लावून, बोटाने फट चाचपून त्यांनी क्रम लावला आणि प्रत्येकीच्या टोकाला खिळ्याने रेघा ओढल्या: एक, दोन, तीन. ट्यूरिनला हे पाहून आनंद झाला असता.

नवं अस्तर दुपारी उन्हात पसरून मऊ केलं. आधी मधली कमान, मग पुढे आणि मागे, ताण नेहमी मध्यातून कडेकडे. पुढची आणि मागची काच आधीच काढलेली, कारण अस्तराची कड काचेच्या रबराखाली दाबायची असते. काच परत बसवताना चाचांनी रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवली, टोकं आत घेतली आणि रबराला साबणाचं पाणी लावलं. बाहेरून पोऱ्याने काच तळहातांनी दाबली, आतून चाचांनी दोरी हळूहळू ओढली. दोरी पुढे सरके तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटत जाई. पूर्ण फेरा चार-पाच मिनिटांत. यूट्यूबवर हेच पाहिलं होतं, पण तो ‘फट् फट्’ असा ओला आवाज तिथे ऐकू येत नाही.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी या कलेला वेगळंच वळण दिलं होतं. गुलाबाच्या फुलांचं छत, चकाकती झालर, दारावर हिरवी नक्षी. 2015मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून टॅक्सीच्या आतली कापडं करून घेतली, ती कोल्डप्लेच्या व्हिडिओतही झळकली. छान होती, पण माझं मन त्या आधीच्या निनावी गुलाबांवर आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेवला नोंदली गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. गाड्यांचे फोटो सगळ्यांनी काढले. छतांचे किती जणांनी काढले?

शेवटी दारं. दाराचा पॅनेल म्हणजे हार्डबोर्ड, वर कापसाची पातळ पट्टी आणि रेक्झिन, मागून स्प्रिंगच्या क्लिपा. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दारात उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं आणि बोर्डाला लागू नये म्हणून मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या दारांतली भोकं मातीने बुजलेली आणि कागद कधीच गेलेला. फुगण्याचं कारण एवढंच.

चाचांनी डाव्या मागच्या दाराचा पॅनेल उपटला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. बोर्डावर सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘मागे डावा. 14-8-81’.

म्हणजे माझं लाल रेक्झिन मूळ नव्हतंच. गाडी बारा वर्षांची असताना कोणीतरी ते बसवलं होतं. आईला फोन लावला. “हो, तुझ्या मुंजीच्या आधी बदललं की,” ती म्हणाली, “आधी काहीतरी मळकट होतं, मला आवडायचं नाही. लाल मीच निवडलं.”

मळकट म्हणजे कसलं? चाचांनी मागच्या सीटच्या पत्र्याजवळची, खिळ्यांत अडकून राहिलेली एक चिंधी पकडीने ओढून काढली. अर्धा इंच रुंद, वीतभर लांब. थुंकी लावून पुसली तेव्हा राखाडीत मिसळलेला निळा रंग दिसला. कारखान्यातून आलेली गाडी तेवढीच उरली होती, माझ्या तळहातावर.

जाणकार मित्राने लगेच निकाल दिला: राखाडी-निळं. जुन्या बाजारात तो माझ्याशी यावरून भांडला. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण राखाडी-निळ्या सीटवर बसल्याचं मला आठवत नव्हतं आणि लाल निवडणारी बाई अजून हयात होती. मी लाल घेतलं. मित्राने ती चिंधी मागितली, मी दिली नाही. ती आता गाडीच्या पुस्तकात आहे.

1981चा बोर्ड साचा म्हणून वापरून चाचांनी नवा कापला. रेक्झिन ताणायच्या आधी मी त्यांना थांबवलं आणि मागे तारीख घालायला सांगितली. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, जुना बोर्ड शेजारी ठेवून अक्षरं पाहिली आणि तसंच लिहिलं, ‘मागे डावा’, खाली त्या दिवसाची तारीख. मग क्षणभर थांबून विचारलं, “रंग पण लिहू? पुढच्याला शोधत बसायला नको.”