मूठ की तळहात? : आघाताचे शारीर आणि चिकित्सकाची जबाबदारी

कराटे, तायक्वांदो, मुष्टियुद्ध यांचे वर्ग आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. साहजिकच ‘हाताला मुका मार लागला’ असे सांगत येणारे तरुण आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत वरचेवर दिसू लागले आहेत. त्यांचे पालक, प्रसंगी प्रशिक्षकही, आपल्याला विचारतात, की प्रहार बंद मुठीने करावा की उघड्या हाताने? प्रश्न आखाड्यातला वाटला तरी त्याचे उत्तर शारीरात आहे. म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत.

मुठीचे बल आणि मुठीची मर्यादा

मनगट आणि हात मिळून एकूण २७ हाडे आहेत. मनगटाची ८, तळहाताची ५ आणि बोटांची १४. तळहाताच्या पाच हाडांपैकी तर्जनी व मध्यमेची हाडे मनगटाशी घट्ट जखडलेली असतात, तर अनामिका व करंगळीची हाडे चल असतात. शिकलेला मुष्टियोद्धा पहिल्या दोन पेरांवर आघात घेतो. तेथून बल सरळ प्रकोष्ठात उतरते. न शिकलेला, रागाने मूठ फिरवणारा मनुष्य मात्र आघात करंगळीकडच्या बाजूवर घेतो आणि करंगळीच्या तळहातातील हाडाची मान मोडते. आधुनिक वैद्यकात या भग्नाला मुष्टियोद्ध्याचेच नाव मिळाले आहे, हा विनोदच म्हणावा लागेल. कारण तो प्रामुख्याने अशिक्षितांचा भग्न आहे.

तथापि शिक्षणानेही पूर्ण संरक्षण मिळत नाही. जागतिक हेवीवेट विजेता माइक टायसन याने ऑगस्ट १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात रस्त्यावरच्या मारामारीत दुसऱ्या मुष्टियोद्ध्याला ठोसा मारला आणि त्याच्या स्वतःच्याच उजव्या हाताचे हाड मोडले. रिंगणात हातावर पट्ट्या व मोजे असतात, रस्त्यावर नसतात. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी मोजे रूढ केले. ते प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यापेक्षा मारणाऱ्याच्या हाताचे रक्षण अधिक करतात. कवटीचे हाड जाड आणि बोटांची हाडे बारीक, हे साधे गणित आहे.

उघड्या हाताचे गुणदोष

तळहाताच्या टाचेवर अंगठा व करंगळीच्या मुळाशी मांसल उंचवटे आहेत. तेथे घेतलेला आघात नाजूक पेरांना वगळून मनगटातून प्रकोष्ठात जातो. शांघाय पोलीस दलातील अधिकारी डब्ल्यू. ई. फेअरबेर्न यांनी हनुवटीवर तळहाताच्या टाचेने प्रहार करण्याची रीत शिकवली. जपानच्या सुमो कुस्तीत बंद मुठीने मारणे निषिद्ध असून उघड्या हाताचे धक्के व थपडा चालतात. १९९३ साली जपानमध्ये सुरू झालेल्या पॅंक्रेस या स्पर्धेतही आरंभी डोक्यावर मूठ वर्ज्य व तळहात मान्य होता.

परंतु तळहात निर्दोष नाही. पल्ला कमी होतो, बोटे अडकून मुरगळतात आणि मनगट मागे अतिप्रसारित झाल्यास अंगठ्याच्या मुळाजवळचे स्कॅफॉइड हे होडीच्या आकाराचे हाड धोक्यात येते. सुश्रुताचार्यांच्या १०७ मर्मांपैकी कूर्चशिर व मणिबंध ही याच प्रदेशातील मर्मे. दोन्हींची गणना ८ रुजाकर मर्मांत होते. मणिबंधाच्या आघाताने कुंठता, तर कूर्चशिराच्या आघाताने रुजा व शोफ सांगितला आहे. कठीण फळीवर तळहात आपटण्याचा अतिरेक करणाऱ्यांना हे अवश्य सांगावे.

कानावरची थप्पड तर सर्वथा वर्ज्य मानावी. कानाच्या मागे व खाली असलेल्या विधुर मर्माच्या आघाताने बाधिर्य येते, हे शास्त्रवचन आहे. शिवाय पोकळ तळहाताने कानात कोंडलेली हवा कर्णपटल फाडू शकते. अशा रुग्णाच्या कानात तेल घालू नये. दुकानदार बंधूंनीही ‘कानावर मार बसला’ असे ऐकताच कर्णपूरणाचे तेल न देता तपासणीस पाठवावे.

तपासणीतील तीन सूत्रे

पहिले, रुग्णाला हळूहळू मूठ मिटावयास सांगावे. एखादे बोट शेजारच्या बोटावर चढत असेल तर हाड फिरून मोडले आहे असे समजावे. दुसरे, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिले क्ष-किरण चित्र निर्दोष आले तरी मनगट बांधून ठेवावे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे. तिसरे सूत्र सर्वांत महत्त्वाचे, आणि ते आम्ही स्वतः चुकून शिकलो आहोत.

काही वर्षांपूर्वी एक तरुण मध्यमेच्या पेरावर अर्ध्या सेंटिमीटरची जखम घेऊन आमच्याकडे आला. ‘फाटक लागले’ असे त्याने सांगितले. आम्ही जखम धुतली, जात्यादी तेलाची पट्टी बांधली आणि त्यास घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी संपूर्ण हात सुजला होता, ज्वर होता. तेव्हा त्याने कबूल केले, की ठोसा समोरच्याच्या दातावर बसला होता. शल्यचिकित्सकांनी सांधा उघडून धुतला. बोट वाचले, पण ते पूर्ण मिटत नाही. मूठ मिटलेली असताना दात सांध्यापर्यंत जातो, मूठ उघडताच कंडरा मागे सरकते आणि मुखातील दूषित द्रव्य आत कोंडले जाते. म्हणून पेरावरची जखम मूठ मिटवूनच पाहावी, दाताबद्दल स्पष्ट विचारावे आणि शंका येताच त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. जखमेचा आकार पाहून निश्चिंत होऊ नये.

चिकित्सेची दिशा

भग्नाची शंका असताना तेल चोळणे टाळावे. निदानानंतर मात्र सुश्रुतोक्त भग्नचिकित्सा आजही मार्गदर्शक आहे. बंध शिथिल असल्यास सांधा स्थिर होत नाही, अतिगाढ असल्यास शोफ, रुजा व पाक होतो. म्हणून साधारण बंध श्रेष्ठ. सांधा स्थिर होण्यास बाल्यात एक मास, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन मास सांगितले आहेत. तळहाताच्या भग्नानंतर प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड हातात धरण्याचा क्रम सांगितला आहे. क्रमाने बळ वाढविण्याचा हा विचार सरावास परतण्याची घाई करणाऱ्या प्रत्येक खेळाडूला समजावून सांगावा.

निष्कर्ष

मोजे व पट्ट्यांसह, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मूठ योग्य आहे. उघड्या हातांनी स्वसंरक्षणाचा प्रसंग आला, तर डोके व चेहरा यांसाठी तळहाताची टाच आणि शरीराच्या मृदू भागासाठी मूठ, म्हणजेच कठीणास मृदू आणि मृदूस कठीण, हा नियम हाताला राखतो. आणि रुग्ण आपल्यासमोर बसतो तेव्हा ‘कशावर मारले?’ हा प्रश्न औषधाच्या आधी विचारावा. तो त्या दिवशी आम्ही विचारला असता, तर एका तरुणाचे बोट आज पूर्ण मिटले असते. इत्यलम्.