पहाटे धावताना अंगात काय घालावे?

डिसेंबर उजाडला की बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडसारख्या गावांत सूर्योदयापूर्वीच रस्त्यावर पावले वाजू लागतात. कोणी शालेय क्रीडास्पर्धांची तयारी करीत असतो, तर कोणाचा थोरला भाऊ किंवा बहीण पोलीस भरतीची. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठीचा सराव महिनोन्‌महिने चालतो आणि त्यातले बरेचसे महिने थंडीचे असतात.

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातले गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. रात्री डोंगरउतारावरची हवा थंड होते. थंड हवा जड असल्यामुळे ती हळूहळू खाली उतरते आणि सखल भागात साचते. त्यामुळे पहाटे घराबाहेर पाऊल टाकताच अंगावर शहारा येतो आणि आतून आई हाक मारते, "अरे, स्वेटर घालून जा!"

आईचे म्हणणे पहिल्या पाच मिनिटांपुरते अगदी खरे असते. पण त्यानंतर? चला, थोडे गणित करून पाहू.

शरीराची भट्टी

सपाट रस्त्यावर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि तुम्ही अर्ध्या तासात ४ किलोमीटर धावलात. म्हणजे खर्च झाला २०० किलोकॅलरींचा. यातला फार थोडा भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. निदान तीन चतुर्थांश, म्हणजे १५० किलोकॅलरी, उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. स्वस्थ बसल्यावर तेवढ्याच वेळात तुमचे शरीर २५ ते ३० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. म्हणजे धावताना तुमची भट्टी पाचपट पेटलेली असते!

ही सारी उष्णता शरीरातच कोंडून राहिली तर काय होईल? शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ धरली, तर १५० ला ५० × ०.८३ ने भागावे लागेल. उत्तर येते सुमारे ३.६. म्हणजे ३७ अंश सेल्सिअसवरचे शरीर ४० अंशांच्या वर जाईल. हा तर कडक तापच झाला. म्हणून धावणाऱ्याच्या कपड्याचे पहिले काम उष्णता बाहेर जाऊ देणे हे आहे. "घाम गाळून वजन उतरवतो" असे म्हणून प्लास्टिकचे जाकीट घालून धावणारे तरुण दिसतात. घाम गळतो हे खरे, पण तो वाळत नाही; शरीर निवत नाही आणि उतरलेले वजन पाण्याचे असल्याने तांब्याभर पाणी पिताच परत येते. हा उद्योग धोक्याचा आहे. तो करू नका.

घामाचा हिशेब

थंडीतही धावताना घाम येतो. १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. धावत असताना ही सोय उत्तमच. पण धावणे संपल्यावर काय होते ते पाहा.

समजा, तुमच्या सदऱ्यात १०० ग्रॅम घाम मुरला आहे. तो वाळायला ५८ किलोकॅलरी उष्णता लागेल. काही उष्णता भोवतालची हवा पुरवील, पण बरीचशी तुमच्या अंगातून जाईल. आता तुमची भट्टी मंदावलेली आहे. तासाला जेमतेम ५० ते ६० किलोकॅलरी. म्हणजे तासाभरात शरीर जेवढी उष्णता निर्माण करते, जवळजवळ तेवढीच एक सदरा वाळवण्यात जाऊ शकते! धावताना मजेत असलेला मुलगा पारावर गप्पा मारत उभा राहिला की दहा मिनिटांत कुडकुडू लागतो, त्याचे कारण हे.

शिवाय कापडाची ऊब ही खरे तर त्यात अडकलेल्या स्थिर हवेची ऊब असते. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. कापडातील हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब गेली.

कापूस, पॉलिएस्टर आणि लोकर

आपला जिल्हा कापसाचा. खामगावच्या कापूस बाजारासाठी १८७० साली तेथवर रेल्वेचा फाटा आला. तेव्हा कापसाची निंदा करायची नाही; पण त्याचा स्वभाव ओळखायला हवा. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजच्या रेणूंना पाण्याचे आकर्षण असल्याने पाणी तंतूच्या आत शिरते आणि तंतू फुगतो. नेहमीच्या हवेतही कापूस आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो. मे महिन्याच्या उन्हात हाच गुण वरदान ठरतो, कारण ओलसर सदरा बराच वेळ गारवा देतो. डिसेंबरच्या पहाटे मात्र तोच गारवा नकोसा होतो.

पॉलिएस्टरचा तंतू व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली शोधला. तुमच्या आजोबांचा 'टेरिलीन'चा सदरा याच कुळातला. हा तंतू आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा आत घेत नाही. मग घाम जातो कोठे? तो तंतूंमधल्या बारीक फटींतून, कंदिलाच्या वातीतून तेल चढावे तसा, केशाकर्षणाने कापडाच्या बाहेरच्या बाजूस येतो, पसरतो आणि लवकर वाळतो. मात्र त्यासाठी कापड विरळ विणीचे हवे. आजोबांचा दाट विणीचा सदरा उकडायचा तो यामुळेच.

लोकरीची तऱ्हा निराळी. ती वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा आत घेऊनही हाताला ओली लागत नाही. रिमझिम पावसात धनगराची घोंगडी उबदार राहते, त्याचे हे एक कारण. पण जाड लोकरीचा स्वेटर धावण्याला जड आणि फार उबदार होतो.

येथे एक गोष्ट विसरू नका. वाळायला लागणारा वेळ मुख्यतः कापडात एकूण पाणी किती आहे यावर ठरतो. पॉलिएस्टरचेही जाड कापड फटींमध्ये पुष्कळ पाणी धरते. म्हणून तंतूइतकाच पातळपणाही महत्त्वाचा.

निवड कशी कराल?

१. कापड हलके असावे. वेष्टनावर 'जीएसएम' हा आकडा असेल, तर तो एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन सांगतो. १२० ते १५० च्या दरम्यानचे कापड या कामी चांगले.

२. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली पाहिजे.

३. सदरा अंगासरशी असावा, पण काखेत काचू नये. आतली शिवण सपाट हवी.

४. थंडी अधिक असेल तर एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ घाला. दोहोंमध्ये हवेचा थर अडकतो आणि अंग तापले की वरचा काढून कमरेला बांधता येतो. वरच्याला गळ्याशी चेन असल्यास उत्तम. ती उघडली की गरम हवा वर निघून जाते.

५. रंग पांढरा किंवा पिवळा घ्या. अंधारात वाहनचालकाला तुम्ही दिसला पाहिजेत.

नवा सदरा घेणे शक्य नसेल तरी बिघडत नाही. सुती पातळ बनियन घालून धावा आणि पिशवीत दुसरे कोरडे बनियन व स्वेटर न्या. धावणे संपताच ओले बनियन काढा, अंग पुसा, कोरडे घाला, वर आईचा स्वेटर चढवा. स्वेटरची खरी वेळ हीच! आणि पॉलिएस्टर घातले असेल तर शेकोटीपासून दूर बसा. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते.

करून पाहा

जुन्या सुती बनियनचा आणि पॉलिएस्टरच्या खेळाच्या सदऱ्याचा २० × २० सेंटिमीटरचा एकेक तुकडा घ्या. शाळेच्या तराजूवर दोन्ही कोरडे तोला. मग भिजवून, सारखेच पिळून पुन्हा तोला. सावलीत टांगा आणि दर पंधरा मिनिटांनी वजन नोंदवा. कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी उरले ते काढून आलेख काढा.

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एकीला कोरडे सुती कापड, दुसरीला ओले सुती आणि तिसरीला ओले पॉलिएस्टर गुंडाळून पंख्यासमोर ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान पाहा. कोणती बाटली आधी निवते? शेवटी कोणती अधिक गार होते? तुमचे उत्तर आमच्या स्पष्टीकरणाशी जुळते का, ते तपासा.

आणि उद्या पहाटे घरातून निघताना थोडी थंडी वाजली तर वाजू द्या. तुम्ही कपडे निवडायचे ते दारात उभ्या असलेल्या स्वतःसाठी नव्हे. दहा मिनिटांनंतर गावाबाहेरच्या रस्त्यावर धावत असलेल्या स्वतःसाठी.