वखारीतील ऊब

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सायंकाळी आमच्या गावच्या वाचनालयात दोन लघुपट दाखविण्यात आले. तिकीट नव्हते, जाहिरात नव्हती. दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना, एवढीच काय ती प्रसिद्धी. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, खाली सतरंज्या अंथरलेल्या. साठ-सत्तर माणसे जमली होती. त्यांत वयस्क स्त्रियाच अधिक होत्या, आणि त्यांच्यात माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आईही पदर सावरून बसली होती.

निपाणी परिसरातील घरांना तंबाखूचा परिचय करून देण्याचे कारण नाही; परंतु इंदूर-बडोद्याकडील वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातील हा मुलूख मराठी बोलणारा आणि तंबाखूवर जगणारा. वखारीत तंबाखू कुटायची, चाळायची, निवडायची, ही सारी कामे स्त्रियांची. धूळ नाकातोंडात जाई, मजुरी हाती फारशी पडत नसे, आणि मुकादमाची मर्जी फिरली की कामही जाई. या स्त्रियांनी पुढे संघटना बांधली. सुमारे तीन हजार स्त्रियांची ती चळवळ होती.

तिच्यावरच १९८२ साली 'तंबाकू चाकीला ऊब आली' हा पंचवीस मिनिटांचा लघुपट निघाला. तो काढणारी 'युगांतर' ही मंडळी म्हणजे कोणी मोठी चित्रसंस्था नव्हे. १९८० मध्ये दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी एकत्र येऊन हा छोटा गट स्थापन केला होता. त्यांचा आदला लघुपट 'मोलकरीण' (१९८१) पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या संपाविषयीचा. दोन्हींची भाषा मराठी, आणि दोन्ही सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झालेले. त्या सायंकाळी हेच दोन आम्ही पाहिले.

आज खिशातल्या दूरध्वनीवर घटकाभरात हवे तेवढे चित्रण करता येते. त्यामुळे सेल्युलॉइडची काटकसर नव्या पिढीच्या ध्यानात येणे कठीण. सोळा मिलिमीटरच्या एका फूट फिल्ममध्ये चाळीस चौकटी बसतात आणि सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. म्हणजे मिनिटाला छत्तीस फूट! चारशे फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. चित्रित झालेले रीळ प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत त्यावर काय उमटले हे खुद्द चित्रकारालाही दिसत नाही. साहजिकच यंत्र सुरू करण्यापूर्वी माणूस विचार करतो. 'युगांतर'ची मंडळी निपाणीत चार महिने राहिली. त्यांनी या स्त्रियांचे अनुभव ऐकले, आणि काय दाखवायचे हे त्यांच्याशी बोलून ठरविले. आधी ऐकायचे आणि मग टिपायचे, हा क्रम मला एक शिक्षक म्हणूनही मोलाचा वाटतो.

असे लघुपट तेव्हा चित्रगृहांत लागत नसत. प्रोजेक्टर आणि रिळांचे डबे घेऊन ते वस्त्यांत, कामगारांच्या सभांत दाखविले जात. दिवे लागले की चर्चा सुरू होई. फिल्म मात्र चिरंजीव नसते. उष्मा आणि दमटपणा यांनी ती आंबते, आकसते, तिला शिरक्यासारखा वास येऊ लागतो. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने या लघुपटांच्या डिजिटल प्रती करून घेतल्या, म्हणून ते आज पाहता येतात. आम्ही पाहिली तीही अशीच प्रत. प्रोजेक्टरची ती घरघर नव्हती. पण समोरची माणसे तीच होती.

कृष्णधवल चित्रांतून वखार दिसू लागली तशी सतरंजीवरची कुजबुज थांबली. कोणी तरी मागून एका चेहऱ्याचे नाव घेतले. दुसरीने "गेली ती" एवढेच म्हटले. मी आईकडे पाहिले. तिची बोटे मांडीवर चाळण धरल्यासारखी हळूहळू हलत होती.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझी आई अनेक वर्षे वखारीत राबली. तिच्या लुगड्याला येणारा तंबाखूचा उग्र दर्प माझ्या बालपणाचा भाग होता, आणि त्याची मला लाज वाटे. हायस्कुलात प्रवेश घेताना अर्जावर आईच्या व्यवसायापुढे मी स्वतःच्या अक्षरात 'घरकाम' असे लिहिले होते. तिला अक्षरओळख नव्हती. मी काय लिहिले ते तिने विचारले नाही, मीही सांगितले नाही.

घरी परतताना मी विचारले, "आई, पटलं का गं सगळं?"

"समदं दावलंय बग," ती म्हणाली, "पर वास न्हाई आला." थोडे चालून गेल्यावर ती पुन्हा बोलली, "मी पन जायाची की सभंला. तुज्या बाला भजनाला जाते म्हून सांगायची."

चाळीस वर्षांत हे मी प्रथमच ऐकत होतो. रस्त्यातच थांबून मी तिला त्या अर्जाची हकीकत सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग हसून म्हणाली, "घरकाम बी करीतच हुते की." एवढ्यावर तिने मला सोडून दिले. त्या सोडून देण्याचे ओझे मात्र अजून उतरलेले नाही.

माझ्या शाळेत आज जी मुले येतात, त्यांतील कित्येकांच्या आया शेतमजुरी करतात, विड्या वळतात. प्रवेशाच्या वेळी बाप आईच्या रकान्यात 'काही नाही' असे लिहायला सांगतो. आता मी लेखणी थांबवतो आणि त्या माउलीलाच विचारतो, "बाई, तुम्ही काय काम करता?" उत्तर यायला वेळ लागतो. तोवर थांबायचे, आणि ती सांगेल तेच लिहायचे.