खेळांची संध्याकाळ : कोणासाठी आणि कशी?

आजचा विषय ऐकून काही मित्रांनी आम्हांला विचारले की, मागण्या आणि वाटाघाटी यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला खेळांचे काय पडले आहे? त्यांचा प्रश्न रास्त आहे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. परंतु तिथेच आम्हांला कळले की, फुरसत ही कोणी दिलेली भीक नव्हे, ती मिळवावी लागली आहे. मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, आणि तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची अनेक वर्षांची खटपट होती. एवढ्या कष्टाने मिळविलेला वेळ आपण कसा घालवितो, हा प्रश्न म्हणूनच आमच्याच धंद्यातला आहे.

दोन वर्षांपूर्वी वसईकडील एका धर्मग्रामाच्या युवक मंडळाने आम्हांला बोलावले. रविवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात सर्व कुटुंबांनी मिळून खेळ खेळावेत, अशी त्यांची इच्छा होती. मंडळातील काही तरुण आमच्या संघटनेचे सभासद, म्हणून आखणीत आमची मदत हवी होती. आम्ही होकार दिला, पण त्याआधी आमची स्वतःची एक फजिती त्यांना सांगितली. ती तुम्हांलाही सांगतो.

कामगार वसाहतीत आम्ही एकदा असाच कार्यक्रम केला होता. हाउझीचे तिकीट दहा रुपये ठेवले आणि जमलेल्या पैशांतूनच बक्षिसे दिली. दोन डाव झाले. तिसऱ्या डावाला एक मूल आईचा पदर ओढू लागले. त्या बाईने पिशवीत हात घातला, क्षणभर थांबली आणि मुलाला घेऊन मुकाट्याने घरी गेली. तिच्या नवऱ्याचे काम त्याच महिन्यात सुटले होते, हे आम्हांला ठाऊक होते, तरीही तिकीट ठेवताना ते आमच्या ध्यानात आले नाही. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून आमचा पहिला नियम असा : खेळाला पैसा लावायचा नाही. बक्षीस हवेच असेल तर नारळ ठेवावा, केळ्यांचा घड ठेवावा, आणि तो सर्वांनी वाटून खावा.

दुसरा नियम, खेळातून कोणी बाद होता कामा नये. संगीत खुर्चीचेच पाहा. वीस खेळाडू आणि एकोणीस खुर्च्या असल्या, तर विजेता ठरेपर्यंत एकोणीस फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत जो बाद होतो तो उरलेल्या अठरा फेऱ्या नुसता बसून राहतो. आणि पहिल्यांदा बाद कोण होते? लहान मूल, नाही तर गुडघे दुखणारी आजी. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम, तेच बाहेर! यावर उपाय सोपा आहे. खुर्ची काढावी, माणूस काढू नये. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी एकमेकांना सामावून घ्यावे. शेवटी चार खुर्च्यांवर वीस माणसे बसविताना जो हशा पिकतो, तो जिंकण्यात नाही.

हा विचार नवा नाही. वाय. एम. सी. ए. ही ख्रिस्ती तरुणांची संस्था १८४४ साली लंडनमध्ये निघाली. तिचा संस्थापक जॉर्ज विल्यम्स कापडाच्या दुकानात नोकरी करणारा तरुण होता. याच संस्थेच्या अमेरिकेतील शाळेत १८९१ साली जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल तयार केला. पण वयस्क सभासदांना तो झेपेना. तेव्हा १८९५ साली होल्योक गावच्या शाखेत विल्यम मॉर्गनने मधे जाळे बांधले. धक्काबुक्की नको आणि कितीही माणसांना खेळता यावे, असा खेळ त्याने बसविला. तोच आजचा व्हॉलीबॉल. माणसाला खेळाजोगे करण्यापेक्षा खेळच माणसाजोगा करावा, हे त्याने जाणले होते.

आता प्रत्यक्ष आखणी. दिवस ठरविण्याआधी लोकांच्या पाळ्या विचाराव्यात. दुसऱ्या पाळीचा कामगार संध्याकाळी येऊच शकत नाही. म्हणून दर वेळी एकच वार न धरता आलटून पालटून धरावा. वेळ दोन तास पुरे. पहिला अर्धा तास मोकळा ठेवावा. टेबलांवर कॅरम, सोंगट्या, पत्ते मांडून ठेवावेत आणि जो येईल त्याने बसावे. मात्र कॅरमच्या एका बोर्डाभोवती चौघेच बसतात. दोन बोर्डांवर साठ माणसांची संध्याकाळ निघत नाही, हा हिशेब आधीच करावा. पुढचा पाऊण तास गटांचे खेळ ठेवावेत. गट जन्ममहिन्यावरून पाडावेत, म्हणजे ओळखीची मंडळी एका कोपऱ्यात साचत नाहीत.

शेवटी हाउझी ठेवावी, अर्थात फुकट. तिकिटावर तीन ओळी आणि नऊ रकाने, सत्तावीस घरांत पंधरा आकडे, आणि पुकारायचे आकडे एक ते नव्वद. इथे कौशल्य लागत नाही, म्हणून सात वर्षांचा नातू आणि सत्तर वर्षांची आजी बरोबरीने बसतात. वसईत एक अडचण आली. इंग्रजी शाळेतल्या मुलांना ‘एकोणऐंशी’ म्हणजे किती ते उमगेना, आणि काही आजींना छापलेला आकडा वाचता येईना. आम्ही दोघांना मिळून एकच तिकीट दिले. आजी सांगे, ‘ऐंशीला एक कमी रे,’ आणि नातू बोट ठेवी. त्या दिवशी कोण जिंकले, ते आता आठवत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पहिल्या संध्याकाळी सभागृहात हशा चालला असता स्वयंपाकघरात सहा बायका चहा गाळीत होत्या. त्यांची रविवारची सुट्टी कोणी मान्य करायची? पुढच्या खेपेपासून खाणे कोरडेच ठेवले, आणि चहा, भांडी व खुर्च्या उचलणे यांच्या पाळ्या पुरुषांत वाटून दिल्या. पाळ्यांचा तक्ता आम्ही स्वतः दाराशी लावला. पहिले नाव आमचेच होते.

खेळ कोणते निवडावेत याची यादी तुम्ही आमच्याहून चांगली कराल. आमची विनंती इतकीच की, कार्यक्रम चालू असताना एकदा सभागृहाच्या मागच्या बाजूला उभे राहून पाहावे. कोण बसून आहे, कोण आत राबते आहे आणि कोण मधेच उठून घरी निघाले आहे, हे दिसले की पुढच्या वेळची आखणी झालीच म्हणून समजा.