दूरदेशी निघण्यापूर्वी

श्रोतेहो, घर सोडून परमुलखात जाणे आपल्याला नवे नाही. कोकणातला चाकरमानी पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात आला. पण तो घरी पैसे पाठवी आणि शिमग्याला नाहीतर गणपतीला परत येई. ख्रिस्ती धर्मकार्यासाठी परदेशी जाणाऱ्या मिशनरी माणसाची गोष्ट निराळी. त्याच्या हाती मोठी मिळकत पडत नाही, आणि परतीचा दिवसही पुष्कळदा ठरलेला नसतो. त्याच्या धर्ममताची चर्चा आज आपल्याला करायची नाही. असा माणूस निघताना स्वतःची आणि घरच्यांची तयारी कशी करतो, एवढेच पाहू.

ज्या साष्टी बेटावर आपली जोगेश्वरी वसली आहे, त्याच्या उत्तरेला, खाडीपलीकडे वसई. तेथे १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला. तेथे त्याने पहिली कमाई केली ती भाषेची. जपानी लोकांत राहून तो जपानी बोलू लागला. पुढे तो व्यापारात पडला आणि मग मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात शिरला. १५९३ साली त्या पंथाचे लोक जपानच्या सत्ताधीशाकडे गेले, तेव्हा दुभाषा म्हणून हाच वसईकर कामी आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर देहान्त शिक्षा झाली. त्यांत तो होता. वसईला तो परतला नाही. तेव्हा पहिली तयारी भाषेची, आणि दुसरी, आपण कदाचित परत येणार नाही हे मनाशी धरण्याची.

आता उलट बाजूने आलेला एक माणूस पाहा. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे गलबत सुटले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिने पाण्यावर! गोव्यात उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमधल्या आपल्या व्यापारी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. विषुववृत्ताजवळ वारा कसा पडतो, केप ऑफ गुड होपला कसा वळसा घालावा लागतो, हिरड्या सुजून पाय फुगण्याचा रोग गलबतावर कसा पसरतो, सारे त्यांत आहे. हा रोग म्हणजे स्कर्व्ही. ताजी फळे-भाजी न मिळाल्याने तो होतो, हे आज आपण जाणतो. तेव्हा ते ठाऊक नव्हते. वाचताना वाटते, की आपला मुलगा कोठून कोठे गेला हे बापाला डोळ्यांपुढे दिसावे, म्हणूनच हे लिहिले. १५८३ साली त्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात इकडच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे, असे नमूद केले. पुढे त्यांनी मराठीत हजारो ओव्या रचल्या. ते पुराण १६१६ साली छापले गेले. १६१९ साली ते गोव्यातच वारले. चाळीस वर्षांत त्यांनी इंग्लंड पुन्हा पाहिले नाही.

पाद्र्याला बायको-मुले नसतात. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना मात्र संसार असे, आणि तेथे पेच अधिक अवघड. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले, मराठी शिकले, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्यांनी हात घातला. १८२५ साली त्यांनी पत्नीला आणि दोन मुलांना अमेरिकेला रवाना केले. एक मुलगा वाटेतच वारला. पुढच्याच मार्चमध्ये नाशिककडून परतताना हॉल स्वतः पटकीने गेले. त्या कुटुंबाची पुन्हा गाठ पडली नाही. घर सोडणाऱ्याचा त्याग सर्वांना दिसतो. घरच्यांनी दिलेली किंमत मात्र सहसा कोणी मोजत नाही.

आज जोगेश्वरीहून सहारचा विमानतळ जवळच आहे. सहा महिन्यांचा प्रवास एका दिवसावर आला. तरी तयारी सुटलेली नाही. पासपोर्ट तर हवाच. शिवाय धर्मकार्यासाठी कित्येक देशांत निराळा व्हिसा लागतो, पर्यटकाचा चालत नाही. आफ्रिकेतल्या व दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस घ्यावी लागते, तीही निदान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच. दाखला जन्मभर चालतो. तो नसेल, तर अशा देशांतून परत येणाऱ्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात.

मग घरचे. बँकेच्या खात्यावर कोणाची सही चालणार? जमिनीच्या कामासाठी मुखत्यारपत्र कोणाच्या नावे? म्हाताऱ्या आईला दवाखान्यात कोण नेणार? आणि सर्वांत कठीण प्रश्न : आपल्यामागे घरात कोणी गेले, तर तुम्ही याल की नाही? हा प्रश्न निघण्याआधीच, सर्वांना बसवून, मोकळेपणी बोलावा. मुलांपासून लपवू नये. 'लवकर येईन' असे खोटे सांगण्यापेक्षा 'अमुक वर्षी येईन' हे बरे. आणि तेही सांगता येत नसेल, तर तसेच सांगावे.

शिक्षकबंधू-भगिनींनो, तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल. त्याचे वडील किंवा आई गेली तो देश त्याला नकाशावर दाखवा. तिथे आता दिवस आहे की रात्र, कोणते पीक येते, भाषा कोणती, हे त्याला शोधायला लावा. व्हिडिओ कॉलवर आता तोंड दिसते खरे, पण ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवायला जवळचे माणूस लागते. ते माणूस कोण, हे जाणाऱ्याने ठरवून ठेवलेले असले, तर अर्धी तयारी झाली असे समजावे.