भोवत्या आलाय, गवत पेटवू नका



शाळूच्या रानावर अगदी खालून, पंख थोडे वर धरून तरंगत जाणारा पक्षी दिसतोय ना? ती घार नाही, भोवत्या आहे. यातले बरेच उन्हाळ्यात कझाकस्तानच्या गवताळ मैदानात पिल्लं काढतात.

तिथं जूनमध्ये दिवस साधारण 16 तासांचा असतो. आपल्याकडं डिसेंबरात जेमतेम 11. लेअर कोंबड्यांच्या शेडमध्ये अंड्यांसाठी बल्ब लावून उजेड वाढवतात, तेच काम तिथं मोठा दिवस करतो. हा उजेड पक्ष्याला कवटीतून थेट मेंदूत कळतो, तशी संप्रेरकं वाढतात आणि जोडी जमते. पाऊस फसवतो, दिवसाची लांबी कधी फसवत नाही.

मादी अंड्यांवर बसलेली असतानाच पंखांची जुनी पिसं टाकायला लागते. नर उशिरा टाकतो, कारण शिकार आणून घर त्यालाच चालवायचं असतं. तेवढ्यात दिवस आखडतात, निघायची वेळ होते. मग पिसं बदलणं अर्धवट थांबवून पक्षी इकडं येतात आणि उरलेली पिसं आपल्याकडंच उगवतात. त्याला खुराक लागतो: नाकतोडे, टोळ, उंदीर. म्हणजे आपलाच फायदा.

फक्त एक अडचण आहे. हे पक्षी रात्री माळावरच्या गवतात, जमिनीवर, घोळक्यानं झोपतात. म्हणून मार्चअखेरपर्यंत माळ किंवा बांध पेटवू नका, गवत कापून घ्या. संध्याकाळी भोवत्या उतरताना कुठं दिसले तर गट नंबर टाकून ग्रुपवर कळवा.